सोळा खुर्च्या

'समिती' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडात आला की पाठोपाठ हसू येतंच. एखादा विषय गुंडाळायचा असेल तर समिती नेमावी, समितीचा अहवाल आला की तो वाचायला उपसमिती नेमावी, ही कोटी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली आहे. ऑफिसात तर कोणी 'यावर एक कमिटी बसवू' म्हणालं की ते काम पुढच्या क्वार्टरला गेलं असं खुशाल समजावं. त्यामुळे शनिवारची सकाळ खर्चून कोणी स्थायी समितीवर लिहायला बसला तर त्याचं लग्न जमत नसणार, असा निष्कर्ष तुम्ही काढाल. काढा. :) पण आज लिहायचंय ते त्यावरच.

कारण असं, की ज्या शहरात मी वाढलो, नोकरी करतो आणि घरपट्टी भरतो, त्या नवी मुंबईत जवळजवळ पावणेसहा वर्षं लोकांनी निवडून दिलेली एकही समिती नव्हती. नगरसेवकच नव्हते, तर समित्या कुठून येणार? आधीच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. त्या आधीच निवडणूक व्हायची, पण मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. कोरोना ओसरला तोवर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद कोर्टात जाऊन बसला होता. शेवटी सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची तारीख दिली, आणि १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान एकदम झालं.

आता माझं गणित बघा. एप्रिल २०१५ मध्ये नवी मुंबईची निवडणूक झाली तेव्हा मी १७ वर्षांचा होतो. पुढची झाली तेव्हा २८ चा. मधल्या काळात मी इंजिनिअर झालो, दोन कंपन्या बदलल्या, लोकसभा-विधानसभेला बोटाला शाई लावून घेतली, पण माझ्या गल्लीतल्या गटारावर ज्याचा अधिकार चालतो त्या सभागृहासाठी आयुष्यातलं पहिलं मत द्यायला मला २८ वर्षं लागली. माझ्या वयाच्या कित्येकांचं हेच आहे. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांची याबद्दल काही तक्रार नाही.

आमच्या टीममध्ये एक जण आहे. हुशार आहे आणि वाद घालायला कायम तयार. महाप्याच्या टपरीवर चहा पिताना त्यानं सरळ विचारलं, "नगरसेवक नव्हते तेव्हा काय बिघडलं? कचऱ्याची गाडी येत होती, नळाला पाणी होतं. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ला देशात तिसरे, २०२१ ला चौथे, २०२२ आणि २०२३ ला परत तिसरे. २०२५ मध्ये जो निकाल लागला त्यात तर इंदूर आणि सुरतबरोबर सुपर स्वच्छ लीगमध्ये. मग ही १११ माणसं हवीत कशाला?"

प्रश्न चांगला आहे. 'लोकशाही म्हणजे लोकशाही' असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. त्यामुळे आधी हे यंत्र चालतं कसं ते नीट बघू, मग उत्तराकडे येऊ.

*

मुंबई महापालिकेचा स्वतंत्र कायदा आहे, १८८८ चा. नवी मुंबई, ठाणे, पुणे वगैरे बाकीच्या महापालिका चालतात त्या १९४९ च्या कायद्यावर. आधी त्याचं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम असं होतं, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. हा कायदा मुख्य प्राधिकरणं मोजतो ती अशी: महानगरपालिका म्हणजे सगळ्या नगरसेवकांचं सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त. (शहराची बससेवा असेल तर तिचा परिवहन व्यवस्थापकही.) या यादीत महापौर नाहीत हे लक्षात आलं का? महापौर सभागृहाचे अध्यक्ष. मान मोठा, गाडी मोठी, पण कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार.

मग नगरसेवकांच्या हातात काय? पैसा आणि मंजुरी. आणि त्यातला रोजचा, चलनी भाग म्हणजे स्थायी समिती.

स्थायी समितीत १६ सदस्य. सभागृहात ज्या पक्षाचं जेवढं बळ, त्या प्रमाणात त्याच्या खुर्च्या. या सोळांनी आपल्यातून सभापती निवडायचा. सभा दर आठवड्याला. ठरावीक रकमेच्या वरचं कंत्राट या समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. आयुक्तांनी केलेलं वार्षिक अंदाजपत्रकही आधी इथे येतं. समिती त्यात भर घालते, काटछाट करते (बहुतेक वेळा भरच घालते), आणि मग ते महासभेकडे जातं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपरात एकाच महापालिकेच्या बजेटचे दोन-तीन वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. कोणी चुकीचं छापत नसतं. एक आयुक्तांचा आकडा असतो, एक स्थायीचा, एक महासभेचा.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पहिल्या वर्षाच्या शेवटी १६ पैकी ८ सदस्य निवृत्त होतात, आणि ते कोण हे ठरवायला चिठ्ठ्या काढतात. अक्षरशः चिठ्ठ्या. त्यांच्या जागी नवे ८ येतात. त्यानंतर दरवर्षी ज्यांची दोन वर्षं झाली ते ८ जण बाहेर. म्हणजे कधीही बघा, अर्धी समिती मुरलेली आणि अर्धी नवखी. आपल्याकडे प्रोजेक्टवरचे सगळे सीनिअर एकाच महिन्यात पेपर टाकतात आणि मग नॉलेज ट्रान्स्फरच्या नावानं शिमगा होतो. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांनी तो प्रश्न १९४९ मध्येच सोडवला होता. शिवाय चिठ्ठी असल्यामुळे 'मलाच का काढलं' म्हणून रुसायची सोयही नाही.

स्थायीच्या पलीकडे आणखी समित्या आहेत. परिवहन समिती बससेवा बघते, आणि तिच्यावर नगरसेवक नसलेली, पण वाहतूक, इंजिनिअरिंग, हिशेब यातलं कळणारी माणसंही नेमता येतात. महिला व बालकल्याण आणि इतर विषयांच्या समित्या असतात. झाडांसाठी १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरण असतं, त्याचे अध्यक्ष स्वतः आयुक्त. झाडाला बांधलेला 'हरकती ७ दिवसांत कळवाव्यात' असा कागद तुम्ही पाहिला असेल, तो या प्राधिकरणाच्या कामाचा भाग. आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ पासून, प्रभाग समित्या आल्या. शहर मोठं, तर निदान भागाभागाच्या प्रश्नांवर भागातच बोलता यावं म्हणून. नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आठ विभाग कार्यालयं आहेत. प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना घेण्याची तरतूदही कायद्यात आहे.

ज्यांचं गाव अजून सुटलेलं नाही त्यांच्यासाठी: हाच सांगाडा जिल्हा परिषदेतही आहे. १९६१ चा कायदा, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू. तिथेही स्थायी समिती, आणि शिवाय बांधकाम, अर्थ, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण अशा विषय समित्या. गावात कोणी 'बांधकाम सभापती' म्हणून ओळखला जातो, त्याच्या गाडीला आणि शब्दाला वजन असतं ते यामुळे.

*

एवढं पुस्तकी झालं. आता आतलं.

माझे एक चुलतकाका एका महापालिकेच्या नगरसचिव विभागातून निवृत्त झाले. कुठल्या ते लिहायचं नाही, अशी त्यांची अट आहे. नगरसचिव विभाग म्हणजे सभांच्या विषयपत्रिका काढणारा, ठराव लिहिणारा, इतिवृत्त सांभाळणारा विभाग. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहून घेतली, त्यामुळे स्वतः कमी बोलतात. पण मागच्या रविवारी जेवणानंतर मी त्यांना धरलं.

"काका, स्थायीत नक्की होतं काय? म्हणजे खरं खरं सांगा."

"खरं सांगायचं तर, काहीच होत नाही," ते म्हणाले. "विषयपत्रिकेवर चाळीस विषय. सभापती म्हणणार विषय क्रमांक एक. कोणीतरी म्हणणार मंजूर. विषय क्रमांक दोन. मंजूर. वीस मिनिटांत चहा आणि सामोसे. जे बोलायचं ते आदल्या दिवशी गटनेत्यांच्या बैठकीत बोलून झालेलं असतं."

"मग उपयोग काय?"

"अरे, ऐक तर. त्या चाळीसपैकी एक विषय अडतो. तो एक महत्त्वाचा."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. कचरा वाहतुकीच्या कंत्राटाचा प्रस्ताव होता. प्रस्ताव असा जातो: खात्याचा इंजिनिअर एस्टिमेट बनवतो, निविदा निघते, मग सगळ्या फायलीचा सारांश म्हणजे 'गोषवारा' तयार होऊन आयुक्तांच्या सहीनं समितीपुढे येतो. सदस्य वाचतात तो गोषवारा. म्हणजे वाचले तर. तर त्या दिवशी एक सदस्य उठला. पूर्वी रिक्षा चालवायचा, शिक्षण नववी. तो म्हणाला, साहेब, गोषवाऱ्यात गाड्या एवढ्या लिहिल्यात आणि मागच्या तक्त्यात तेवढ्या नाहीत, तर पैसे कुठल्या गाड्यांचे द्यायचे? सभागृहात एकदम शांतता. खात्याचा अधिकारी कागद चाळायला लागला. विषय तहकूब झाला, फाईल परत गेली, आणि पुढच्या वेळी आकडा दुरुस्त होऊन आली.

"म्हणजे तो प्रामाणिक होता," मी म्हणालो.

काका हसले. "त्याचा मेहुणा त्याच धंद्यात होता. त्याला कंत्राट मिळालं नव्हतं. म्हणून यानं सगळे तक्ते रात्रभर वाचले. पण आकडा चुकीचा होता की नव्हता? होता. सापडला की नाही? सापडला."

मला या उत्तरानं जरा अस्वस्थ केलं, कारण शाळेच्या नागरिकशास्त्रात असं काही नव्हतं. तिथे नगरसेवक जनतेचे सेवक होते आणि एका परिच्छेदात त्यांची सहा कर्तव्यं होती.

"आणि विषय अडवायचे ते पैसे काढायला, असं लोक म्हणतात ते?"

"तेही होतं," काका शांतपणे म्हणाले. "विषय तहकूब कशासाठी ठेवलाय ते आम्हाला कळायचं. कधी शंका असते म्हणून, कधी अपेक्षा असते म्हणून. इतिवृत्तात दोन्ही सारखंच दिसतं. पण सोळा जण असले ना, की एकमेकांवर नजर असते. एकाला काय मिळालं ते दुसऱ्याला कळतं. आणि दुसऱ्याला कळलं की तिसऱ्या दिवशी पेपरात येतं."

*

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी बँकांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. तिथे एक नियम आहे जो आम्ही स्वप्नातसुद्धा मोडत नाही: मेकर आणि चेकर. एंट्री टाकणारा मेकर, ती तपासून पास करणारा चेकर. एकाच युजर आयडीवरून दोन्ही करता येत नाही. मेकर चोर आहे असं कोणी गृहीत धरलेलं नसतं. तिथे खुद्द राजा हरिश्चंद्र कारकून म्हणून बसला तरी सिस्टीम त्याला स्वतःची एंट्री स्वतः पास करू देणार नाही. कारण चूक प्रामाणिक माणसाकडूनही होते, आणि स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

स्थायी समिती म्हणजे चेकर. आयुक्तांचं प्रशासन मेकर. चेकर आळशी असेल, न वाचता अंगठा दाबत असेल, त्याचा मेहुणा धंद्यात असेल, हे सगळं मान्य. पण निदान दोन आयडी आहेत.

मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही, की राज्य सरकार प्रशासक नेमतं. नवी मुंबईत आणि बहुतेक ठिकाणी आयुक्त हेच प्रशासक झाले. महासभेचे आणि समित्यांचे अधिकार प्रशासकाकडे. आता प्रक्रिया काय झाली ते बघा. आयुक्त म्हणून प्रस्ताव सादर करायचा, आणि प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा. कागदावर पदं दोन, खुर्ची एक, पेन एकच. यात बेकायदेशीर काही नाही, कायद्यातच तशी सोय आहे. आणीबाणीसाठी ती हवीही. कोरोनाच्या पहिल्या वर्षात ऑक्सिजनच्या खाटांसाठी १११ जणांची सभा भरवत बसणं परवडलं नसतं. पण आणीबाणीची सोय पावणेसहा वर्षं चालली, की ती आणीबाणीची राहत नाही. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये रात्री काही पडलं तर तात्पुरता जादा ॲक्सेस देतात, आणि सकाळी काढून घेतात. तो काढायला विसरलं तर ऑडिटवाले आमची कातडी सोलतात.

या काळात किरकोळच निर्णय झाले असं समजू नका. २०२२ मध्ये नवी मुंबईचा प्रारूप विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठे मैदान, कुठे शाळा, कुठे मार्केट याचा नकाशा. सिडकोनं १९७० पासून हे शहर आखलं, भूखंड विकले. त्या जमिनीवर महापालिकेचा आराखडा येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते इथल्या कुणालाही विचारा. कायद्याप्रमाणे अशा हरकती ऐकायला नियोजन समिती नेमतात, आणि त्या समितीत स्थायी समितीतले तीन सदस्य घ्यायचे असतात. पण स्थायी समितीच नव्हती! मीही एक हरकत टाईप करून दिली होती, आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटबद्दल. जिथे मी सहावीत असताना गणिताचा क्लास बुडवून क्रिकेट खेळायचो, तो प्लॉट. शिक्का मारलेली पोच मिळाली, ती अजून माझ्या कपाटात आहे. पण 'या मैदानाचं काय ठरलं?' असं सभागृहात उठून विचारायला आमच्या प्रभागाचा माणूसच तेव्हा नव्हता. पत्र देणं वेगळं, आणि आपल्या वतीनं कोणीतरी प्रश्न विचारून त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घेणं वेगळं.

*

आता दुसरी बाजू, कारण टपरीवरच्या मित्राला ती लगेच आठवली. "२०१६ विसरलास का?"

नाही विसरलो. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. तुकाराम मुंढे मे २०१६ मध्ये नवी मुंबईचे आयुक्त झाले. सकाळी बागेत लोकांना भेटायचे, अतिक्रमणं पाडायचे. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळे त्यांचे फॅन. २५ ऑक्टोबर २०१६ ला महासभेत त्यांच्यावर अविश्वास ठराव आला, आणि १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. १११ च्या सभागृहात १०४! कायदा म्हणतो की एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी असा ठराव झाला तर सरकारनं आयुक्तांना परत बोलवावं. पाच-अष्टमांश म्हणजे ७०. पण राज्य सरकारनं तो ठराव रोखला, आणि मुंढे राहिले. मग मार्च २०१७ मध्ये त्याच सरकारनं त्यांची बदली केली.

मित्राचा मुद्दा असा, की बघ, चांगला अधिकारी आला की सगळे चेकर एक होऊन त्याला काढायला उठतात. मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. पण त्या प्रसंगात मला आणखी एक गोष्ट दिसते. १०४ मतांनी आयुक्त गेले नाहीत, आणि आम्हा हजारो फॅनांच्या प्रेमानं थांबलेही नाहीत. दोन्ही वेळा निर्णय मंत्रालयात झाला. म्हणजे नगरसेवक नकोत, चांगला आयुक्त पुरे असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात म्हणत असतो की मंत्रालय चांगला आयुक्त पाठवेल अशी आशा पुरे. पाठवला तर उत्तम. नाही पाठवला, तर विचारायचं कोणाला? नगरसेवकाच्या दारात निदान रात्री साडेदहाला जाऊन बेल वाजवता येते.

राहिली स्वच्छतेच्या नंबराची गोष्ट. २०२० चा तिसरा नंबर ऑगस्टमध्ये जाहीर झाला, म्हणजे प्रशासक येऊन तीन-चार महिनेच झाले होते. नवी मुंबईचं मोरबे धरण महापालिकेनं विकत घेतलं, सांडपाण्याचे मोठे प्रकल्प उभे राहिले, ते सगळं १९९५ ते २०२० या निवडून आलेल्या सभागृहांच्या काळात. त्या एकेका मंजुरीत टक्केवारीच्या वावड्या उठल्या असतील, सभात्याग झाले असतील, पण धरण आज आहे आणि नळाला पाणी येतं. चांगलं लिहिलेलं सॉफ्टवेअर टीम गेल्यावरही बरीच वर्षं चालत राहतं. त्यावरून टीमची गरज नव्हती असं अनुमान काढणारे मॅनेजर मी पाहिले आहेत. असो.

*

थोडं बाहेरचं. कंपनीनं मला काही महिने सॅन होजेला ऑनसाईट पाठवलं होतं. ते सांता क्लारा कौंटीत येतं. कौंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. लोकसंख्या १९ लाखांच्या वर, आणि तिचं मंडळ किती जणांचं? पाच! पाच सुपरवायझर, चार वर्षांसाठी निवडून दिलेले. म्हणजे एका माणसामागे पावणेचार लाखांहून जास्त लोक. नवी मुंबईची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ११ लाख २० हजार, नगरसेवक १११. म्हणजे दहा हजारांमागे एक. या हिशेबात आपण श्रीमंत आहोत.

पण कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन ॲक्ट नावाचा कायदा आहे. नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लोकांसमोर लावायची, त्यात नसलेल्या विषयावर सहसा निर्णय घ्यायचा नाही, आणि सभेत कोणाही नागरिकाला बोलू द्यायचं. दोन-तीन मिनिटं, पण हक्कानं. मी तिथल्या सभेचा व्हिडिओ पाहिला. एक आजी आल्या, कागद काढला, बससेवेबद्दल तावातावानं बोलल्या, वेळ संपल्याची घंटा वाजली, आजी बसल्या. पाच जण गप्प ऐकत होते. त्यांना ऐकावंच लागतं.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडे महासभेला गॅलरी असते. लोकांनी बसून ऐकायचं. बोलायचं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मी एवढ्या सभा केल्या. मोर्चा असेल त्या दिवशी गॅलरी भरायची. एरवी तिथे आमचा शिपाई डबा खायचा."

आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. चेकरला चेक करणारा तिसरा कोणीतरी लागतो, आणि ते आपण आहोत. आपण म्हणजे तुम्ही-मी, ऐरोली-महापे-बेलापूरच्या काचेच्या इमारतींत बसणारे. आपल्याला फाईल वाचता येते, तक्त्यातली बेरीज तपासता येते, दोन व्हर्जनमधला फरक शोधता येतो. दिवसभर तेच तर करतो. नववी शिकलेल्या रिक्षावाल्यानं मेहुण्यासाठी एक रात्र जागून जे केलं, ते आपल्यातल्या कोणालाही एका शनिवारच्या सकाळी जमेल, आणि आपला मेहुणा धंद्यात नसतानाही जमेल.

१५ जानेवारीला मी पहिल्यांदा महापालिकेचं मत दिलं. एक नव्हे, चार. कारण प्रभाग चार-चार सदस्यांचे झाले आहेत (एक तेवढा तीनचा). मशीनसमोर उभं राहून चार वेळा बटण दाबताना जरा परीक्षा दिल्यासारखं वाटलं. पावणेसहा वर्षांनी सोळा खुर्च्यांचे दिवस परत आले, आणि पहिलं वर्ष सरलं की आठ चिठ्ठ्याही निघतील.

तर मंडळी, बरंच लांबलं. जाता जाता छोटासा गृहपाठ. तुमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चारही जणांची नावं एका कागदावर लिहा. मग त्यातलं कोणी कुठल्या समितीवर बसलं आहे का ते शोधा. असेल, तर त्या समितीची पुढची विषयपत्रिका मागा आणि त्यातला एक, फक्त एक, विषय शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचा. आकडे जुळले नाहीत तर चौघांपैकी ज्याचं घर जवळ असेल त्याची बेल वाजवा.

साडेदहाच्या आत वाजवा म्हणजे झालं.